एअर सस्पेन्शन बसत होतं, कॉम्प्रेसर न बदलता दुरुस्त झालं

आमच्या जुन्या जर्मन सेडानला एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे गाडी हवा भरलेल्या रबरी स्प्रिंगांवर तोललेली असते. ती रात्रभर उभी राहिली की सकाळी पुढच्या डाव्या चाकावर बसलेली दिसायची. सर्व्हिस सेंटरने थेट कॉम्प्रेसर (या स्प्रिंगांत हवा भरणारा पंप) बदलायला सांगितला. आकडा ऐकून पोटात गोळा आला. ओळखीच्या मेकॅनिककाकांनी आधी साबणाचं पाणी मागवलं. एअर स्प्रिंगच्या रबरी घडीवर फवारताच बारीक बुडबुडे फुगायला लागले. घडीतच चिरा! हवा गळत राहिली की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. म्हणजे नवा बसवला असता तरी तोही गेला असता. एअर स्प्रिंग नवी घातली, सोबत रिलेही बदलला (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा विजेचा स्विच; स्वस्त असतो, पण चिकटला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही). गाडी आता बसत नाही. अशा गाडीखाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय मात्र कुणीही शिरू नका.