समाकलित वेगनियमाने गतिकीची उदाहरणे कशी सोडवावीत

समाकलित वेगनियम म्हणजे ठरावीक काळानंतर अभिकारकाची संहती (दर लिटरमधील प्रमाण) किती उरते हे सांगणारे सूत्र. त्याला हात घालण्यापूर्वी अभिक्रियेची कोटी (वेग संहतीच्या कितव्या घातावर अवलंबून आहे ते) ठरवावी, कारण कोटी चुकली की पुढची आकडेमोड बिनचूक असूनही उत्तर चुकते. वेग स्थिरांकाचे (वेग आणि संहती यांना जोडणाऱ्या स्थिर राशीचे) एकक दिले असेल तर हे काम सोपे असते: ‘प्रति सेकंद’ म्हणजे पहिली कोटी, ‘लिटर प्रति मोल प्रति सेकंद’ म्हणजे दुसरी, ‘मोल प्रति लिटर प्रति सेकंद’ म्हणजे शून्य.

एकक नसेल तर संहतीचे आकडे नीट पाहावेत. समजा, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनात संहती आरंभी ०.८० मोल प्रति लिटर, १५ मिनिटांनी ०.४० आणि ३० मिनिटांनी ०.२० आहे. दोन्ही वेळा निम्मी होण्यास सारखाच काळ लागला, म्हणून ही पहिली कोटी. दुसऱ्या कोटीत दुसऱ्या टप्प्याला ३० मिनिटे लागली असती, तर शून्य कोटीत साडेसातच.

आता पहिल्या कोटीचे सूत्र घ्यावे:

वेग स्थिरांक = (२.३०३ ÷ काळ) × लॉग (आरंभीची संहती ÷ उरलेली संहती)

काळ ३० मिनिटे आणि गुणोत्तर ४ घातल्यास, १० पायाचा लॉग ४ म्हणजे ०.६०२१ असल्याने, स्थिरांक ०.०४६२ प्रति मिनिट येतो. ०.६९३ला त्याने भागले की १५ मिनिटांचा अर्धायुकाल (संहती निम्मी होण्याचा काळ) परत मिळतो. हा पडताळा कधीही टाळू नये.

सर्वाधिक सांभाळायचे ते शब्दांकन. ‘९० टक्के विघटन झाले’ असे म्हटले असेल, तर सूत्रात उरलेले १० टक्के जातात, ९० नव्हे. गुणोत्तर १०, त्याचा लॉग १, म्हणून येथे काळ २.३०३ ÷ ०.०४६२, म्हणजे सुमारे ५० मिनिटे.