आयईएलटीएसची तयारी आणि आठवड्यातला रिकामा वार

परदेशी विद्यापीठांतील प्रवेशासाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी बडोद्यात राहून करताना परीक्षेआधीच जीव मेटाकुटीला येऊ नये, यासाठी काय काय आधी ठरवून ठेवावे, ते येथे लिहीत आहे. पहिल्या खेपेस यातील एक बाब, आठवड्यातला एक रिकामा वार, माझ्या वेळापत्रकात नव्हती आणि तिच्यावाचून बाकीची सगळी मेहनत वाया गेली, म्हणून तीच पुन्हा पुन्हा येईल. पासपोर्टची मुदत पाहावी. उच्च शिक्षणासाठीची ॲकॅडमिक परीक्षा द्यायची की नोकरी-स्थलांतरासाठीची जनरल, हे पक्के करावे. या दोन गोष्टींवर अधिक लिहिण्याची गरज नाही.

त्यानंतर आपल्याला नेमके किती बँड, म्हणजे या परीक्षेतले गुण, हवेत, हे संबंधित विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे. एकूण किती आणि प्रत्येक भागात किमान किती, असे दोन्ही आकडे हवेत. आकडा ठाऊक नसला की अभ्यास कोठे थांबवावा हे कळत नाही, आणि थकव्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते. एकूण बँड हा चार भागांची सरासरी असतो व तो जवळच्या अर्ध्या बँडवर नेला जातो. ऐकणे व वाचणे यांत ६.५, लिहिणे व बोलणे यांत ६ मिळाले, तर सरासरी ६.२५ येते आणि निकालावर ६.५ छापले जाते. ज्याला एवढ्याचीच गरज आहे, त्याने आठ बँडचे स्वप्न दाखवणाऱ्या चित्रफिती पाहत रात्री जागवू नयेत.

तारीख घेताना बडोद्याचे पंचांग समोर ठेवावे. नवरात्रात या शहरात मध्यरात्रीपर्यंत गरबा चालतो. आपण गेलो नाही तरी सोसायटीतला आवाज घरात येतोच. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत राहणाऱ्यांना गणपतीचे दिवसही तसेच. सण संपल्यावर दोन-चार दिवसांतच परीक्षा येईल अशी तारीख घेऊ नये, आणि सणात दामटून अभ्यास करू असा निश्चयही करू नये, कारण तो टिकत नाही.

आता मुख्य गोष्ट. वेळापत्रकाच्या कोऱ्या कागदावर सर्वांत आधी आठवड्यातला एक रिकामा वार लिहावा. क्लास, सराव परीक्षा, निबंध हे सगळे त्यानंतर. उरलेल्या वेळात विश्रांती घेऊ, असे म्हणणाऱ्याला वेळ कधीच उरत नाही. क्लासची सराव परीक्षा रविवारी असेल तर सोमवार रिकामा ठेवावा, पण वार ठरलेला असावा. त्या दिवशी इंग्रजी पूर्णपणे बंद: फोनवरची शब्दांची ॲपे नकोत, कान तयार व्हावेत म्हणून लावलेली इंग्रजी मालिका नको, ‘फक्त एक उतारा’ तर नकोच नको. आपण घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलतो. इंग्रजी आपल्याला दर तासाला प्रयत्नपूर्वक ओढून आणावी लागते, आणि विश्रांती हवी असते ती त्या ओढण्यापासून. कमाटीबागेत फेरी मारायला जावे, पण कानात इंग्रजी पॉडकास्ट असेल तर तो दिवस रिकामा धरू नये.

याचे कारण परीक्षेच्या रचनेतच आहे. ऐकणे, वाचणे आणि लिहिणे हे तीन भाग मध्यंतराशिवाय सलग होतात व त्यांना अडीच ते पावणेतीन तास लागतात. ऐकण्याचे ध्वनिमुद्रण एकदाच वाजते. नकाशाच्या प्रश्नात एक जागा सुटली आणि मन तिच्यातच अडकले, तर निवेदक पुढच्या दोन इमारती सांगून मोकळा झालेला असतो. म्हणजे येथे शब्दसंग्रहाबरोबर सलग लक्षाचीही कसोटी लागते, आणि थकलेल्या डोक्याचे लक्ष आणखी चार सराव परीक्षा सोडवून परत येत नाही.

पूर्ण सराव परीक्षा आठवड्यातून एकच द्यावी. दुसऱ्या दिवशी केवळ चुका पाहाव्यात, प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे: शब्द माहीत नव्हता, सूचनेतली शब्दमर्यादा ओलांडली, की लक्ष गेले. ‘लक्ष गेले’ हे कारण वाढू लागले, किंवा तिसऱ्या उताऱ्यातील तेच वाक्य तीनदा वाचूनही ‘फॉल्स’ (विधान चूक) आणि ‘नॉट गिव्हन’ (उताऱ्यात माहितीच नाही) यांत निवड होईना, तर अभ्यास वाढवू नये, कमी करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी लक्षणे मांडली (शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी दुरावा, घटलेली कार्यक्षमता), ती नोकरीच्या संदर्भातली आहेत. तरी आपल्या वहीत डोकावून पाहण्यास ती पुरेशी आहेत. अशा आठवड्यात रिकामा वार रद्द करण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. करू नये. बँड अडले आहेत म्हणून करू नये, क्लासमधले सोबती पुढे गेले म्हणूनही करू नये.

लिखाणात १५० शब्दांच्या पहिल्या प्रश्नापेक्षा २५० शब्दांच्या दुसऱ्याला दुप्पट वजन आहे, त्यामुळे दमलेल्या दिवशी एकच लिहायचे असेल तर दुसरा लिहावा, आणि तोही ४० मिनिटांत. बोलण्याचा सराव रोज थोडा, माणसाशी करावा, आरशाशी नव्हे.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नये, आदल्या दोन दिवसांत पूर्ण सराव परीक्षा देऊ नये, आणि रिकामा वार याही आठवड्यात पाळावा. परीक्षेच्या दिवशी मूळ पासपोर्ट, ओळखीचे खाणे, वेळेआधी पोहोचणे. उत्तर येत नसेल तरी जागा कोरी सोडू नये, चुकीला गुण कापले जात नाहीत. बोलण्याची चाचणी वेगळ्या दिवशी असली तर मधल्या दिवसांत लिहिण्याचे पुस्तक उघडू नये. एखाद्याच भागात बँड कमी पडले, तर संगणकावर दिलेल्या परीक्षेतला तेवढा एक भाग ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतो. मात्र असा निकाल आपले विद्यापीठ स्वीकारते का, हे शुल्क भरण्यापूर्वी त्यांना ईमेल करून विचारावे.