संस्थेच्या सचिवाचा पगार ठरवताना या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडच्या लहान धर्मादाय संस्थांच्या वह्या बघत माझं निम्मं आयुष्य गेलं. सरळसरळ पैसे खाल्ल्याची प्रकरणं बोटांवर मोजण्याइतकी. बाकी घोळ एकाच जागी निघतो: काम करणाऱ्याला किती द्यायचं हे सभेत कुणी तोंडानं बोलत नाही, मग ते भलत्याच खात्यातून बाहेर पडतं.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे मागाहून लिहिलेला ठराव. एका संस्थेत सचिवाचं मानधन 18 हजारांवरून एकदम 45 हजारांवर गेलेलं. ठराव मागितला तर म्हणाले, "आहे की!" चार दिवसांनी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेची नोंदवही, आली. सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या. तारीख 8 ऑगस्ट 2019, स्थळ सांगलीच्या मारुती चौकाजवळचं कार्यालय, सातही विश्वस्त हजर, चहापानानंतर सभा संपली. मी अध्यक्षांना विचारलं, "दादा, सभेला होडीनं आलेला का?" त्या दिवशी सांगलीत महापूर, आयर्विन पुलाजवळ कृष्णा 50 फुटांच्या वर होती. धोक्याची पातळी 45. दादांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले.

वाईट याचं वाटलं, की त्या माणसाचं काम खरंच 45 हजारांचं होतं. उघड मांडलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. आता ऑडिटरला ते अहवालात लिहावंच लागलं. अनियमित खर्च दाखवणं हे त्याचं कायद्यानं ठरलेलं काम आहे आणि तो अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो.

माझी सवय सांगतो. पगाराचा विषय अजेंड्यावर वेगळ्या नंबरनं घ्यायचा. ज्याचा पगार, तो बाहेर. तो किती वाजता बाहेर गेला आणि किती वाजता आत आला, हेही लिहायचं. आपल्याच आकाराच्या दोन-तीन संस्था त्या कामाला काय देतात ते विचारून आकडे ठरावातच टाकायचे. यावर नवखे म्हणतात, "काका, एवढं कशाला, आपलीच माणसं आहेत." आपलीच आहेत म्हणूनच.

दुसरी चूक, त्यागाचा देखावा. पगार 12 हजार, डिझेल 22 हजार. फोन, घरभाडं, 'किरकोळ' वेगळं. देणगीदारांसमोर मात्र "आमचे सचिव नाममात्र घेतात". कुणी पगार वाढवा म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं उदाहरण पुढे करतात. त्यांनी बोर्डिंगच्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, हे साताऱ्यात पोरासोरांना माहीत आहे. पण त्यांनी स्वतःचे मोडले, कारकुनाच्या बायकोला मोडायला लावले नाहीत! आयकर कायदासुद्धा विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला पगार देऊच नका असं म्हणत नाही. कामाच्या मानानं वाजवीपेक्षा जास्त देऊ नका, एवढंच म्हणतं. तेव्हा डिझेल लॉगबुकावर, म्हणजे गाडीच्या फेऱ्यांच्या नोंदीवर द्या आणि पगार पगारात दाखवा.

झेरॉक्सच्या दुकानातून उचललेली संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, वापरत असाल तर आधी वाचा. "विश्वस्त विनामोबदला काम करतील" हे वाक्य त्यात हमखास असतं, आणि ते असताना विश्वस्त-सचिवाला पगार सुरू केला की सगळे ठराव फुकट.

विश्वस्त किंवा व्यवस्थापक बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. जुन्या सचिवाच्या नावावर संस्था आणि नव्याच्या नावावर चेक, हे मी आठ-आठ वर्षं चाललेलं पाहिलंय.

पगार रोखीनं नको. एका दिवसात एका माणसाला 10 हजारांच्या वर रोख गेले तर तो खर्च आयकरात धरत नाहीत.

परदेशी देणगी येत असेल तर 2020 पासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्के आहे, आधी 50 होती. जुन्या बजेटची नक्कल मारू नका.

आणि हे सगळं एप्रिलच्या पहिल्या सभेत उरका. 29 मार्चला रात्री फोन करून "साहेब, तेवढं ॲडजस्ट करा" म्हणणाऱ्यांचे नंबर मी सेव्ह करून ठेवलेत, उचलत नाही.