थ्री-पीस चाकांना सिलिकॉन कसं मारायचं (दोनदा फसलो, तिसऱ्यांदा जमलं)

माझ्याकडे कारच्या चाकांचा एक जुना थ्री-पीस सेट आहे, सेकंडहँड घेतलेला, दिसायला एक नंबर पण चारपैकी दोन चाकं दर तीन-चार दिवसांनी बसायची. सकाळी पार्किंगमध्ये गेलं की गाडी एका कोपऱ्यात वाकलेली, मग डिकीतला इन्फ्लेटर काढा, सॉकेटला लावा, घुर्रर्र करत ३२ पीएसआयपर्यंत न्या आणि पळा कामाला. पंक्चरवाल्याने टायर तीनदा टाकीत बुडवून बघितला आणि तिन्ही वेळा म्हणाला टायरमध्ये काय नाय. बरोबरच होतं त्याचं, लोच्या टायरमध्ये नव्हताच, चाकाच्या सांध्यात होता.

साधं मॅगव्हील (अलॉय चाक) एका तुकड्यात ओतलेलं असतं, त्याला सांधाच नाही. थ्री-पीसमध्ये मधला फेस, बाहेरची लिप आणि आतलं बॅरल असे तीन वेगळे तुकडे आणि ते कडेने वीस ते चाळीस बारक्या बोल्टांनी आवळलेले. जर्मनीतल्या शिल्टाखच्या बीबीएस या चाकं बनवणाऱ्या कंपनीची १९८३ सालची आरएस चाकं बहुतेकांनी फोटोत तरी बघितली असतील, कडेने बोल्टांची माळ असते ती. आणि ज्यांनी घरची बजाज चेतक ढकललीय त्यांना तर वेगळं सांगायलाच नको, स्टेपनीचे नट खोलले की रिमचे दोन भाग हातात यायचे. फरक एवढाच की चेतकमध्ये आत ट्यूब होती, हवा ट्यूब सांभाळायची, रिमच्या फटीशी तिला देणंघेणं नव्हतं. कारचा टायर ट्यूबलेस, म्हणजे हवा डायरेक्ट त्या सांध्यावर येऊन बसते आणि तिला अडवायला असतो फक्त आतून मारलेला सिलिकॉनचा पट्टा (काही चाकांत ओ-रिंग म्हणजे रबराची गोल रिंग असते, त्यांची गोष्ट वेगळी, तिथे रिंगच बदलायची). हा पट्टा दहा-पंधरा वर्षांत कडक होतो, सुटतो, की झाली हवा गुल.

पण सांध्यावर संशय घ्यायच्या आधी खात्री करा. टायर महिन्याला एखाद-दोन पीएसआय तसाही सोडतोच, आणि तापमान दहा अंश पडलं की अंदाजे दोन पीएसआय कमी दिसतात, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे गेज बघून लगेच चाक खोलायला घेऊ नका. चाक काढा, ३५-४० पीएसआय भरा, आडवं ठेवा आणि भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रे करा. व्हॉल्व्हच्या बुडाला, टायर रिमला टेकतो त्या कडेला, लिप आणि फेस भेटतात त्या रेषेत आणि मागच्या बाजूने बॅरलवर. घाई करू नका, माझ्या एका चाकात पहिला बुडबुडा यायला चार मिनिटं लागली, आणि आला तो मोहरीएवढा, एका बोल्टच्या डोक्याखालून. इथे बरेच जण फसतात, बोल्टातून हवा येतेय म्हणून बोल्टालाच सिलिकॉन फासतात. बोल्ट सहसा हवेच्या बाजूला नसतातच, हवा आतल्या सांध्यातून घुसते आणि वाट मिळेल तिथून, म्हणजे बोल्टच्या भोकातून, बाहेर येते. बाहेरून कितीही थापलं तरी ती दुसरा बोल्ट शोधणार. बुडबुडे सांध्याऐवजी बॅरलच्या सपाट पत्र्यावर येत असतील तर केसासारखी चीर आहे, आणि ओतीव भागावर बारीक बारीक फेस येत असेल तर कास्टिंग सच्छिद्र आहे, आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, कुणालाही पोरॉसिटी म्हणा, लगेच कळतं. चीर असलेलं चाक सिलिकॉनने नीट होत नाही, ते गाडीला लावूच नका.

आता एक गोष्ट दरडावून सांगतो. टायरमध्ये हवा असताना त्या कडेच्या बोल्टांना पाना लावायचा नाही. एकाही नाही. तीस पीएसआय ऐकायला कमी वाटतं पण ती हवा चाकाचे दोन भाग एकमेकांपासून ढकलत असते आणि तिला धरून ठेवलेलं असतं ते याच बोल्टांनी. आधी व्हॉल्व्हचा पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, टायर उतरवा, मग काय ते.

टायर उतरल्यावर आत बघितलं की खोलगट भागात जुना पट्टा दिसेल. पुढचा निर्णय असा की चाक पूर्ण खोलायचं का नुसता पट्टा बदलायचा. माझं मत, बोल्ट सगळे जागेवर आणि टाईट असतील, सांध्यात पांढरी पावडर नसेल, चाक वाकडं फिरत नसेल तर खोलू नका. जुना पट्टा काढा, नवा मारा, अर्ध्याहून जास्त चाकं एवढ्यावरच भागतात. पांढरी पावडर म्हणजे ॲल्युमिनियम खायला लागलंय, ती सांध्यात खोल गेली असेल तर मात्र खोलावंच लागतं.

खोलणार असाल तर आधी मार्करने लिप, फेस आणि बॅरल तिघांवरून एक आडवी रेघ मारा, आणि व्हॉल्व्हचं भोक कुठल्या बोल्टसमोर आहे त्याचा फोटो काढा. हे बोल्ट बऱ्याचदा बारा टोकांच्या खाचेचे असतात, तिथे टॉर्क्स (सहा टोकांचा बिट) बसल्यासारखा वाटतो पण बसत नाही, खाच गोल करून टाकतो, म्हणून बरोबर बिट आणा, शे-दोनशे वाचवायला जाऊ नका. थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो गोंद) लावलेला असतो, हीट गनने गरम केलं की सुटतो. गॅसची बत्ती मारू नका, ॲल्युमिनियमची ताकद उष्णतेने जाते आणि वरून बघून कळत पण नाही.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम, साफसफाई. नवीन सिलिकॉन जुन्या सिलिकॉनवर धड चिकटत नाही, एवढं एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन रविवार वाचले असते. जुना पट्टा प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, मी जुनं एटीएम कार्ड कापून वापरलं, कोपऱ्यांना बांबूची कामटी. स्क्रूड्रायव्हर घालू नका, त्याने पडलेला ओरखडा म्हणजे हवेला पुढची वाट. मोठे तुकडे निघाले की एक पातळ चकचकीत थर राहतो जो दिसत नाही पण बोट फिरवलं की बोट अडकतं, तो हिरव्या घासणीने घासून काढायचा. मग ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पांढरं फडकं, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. माझी सहा फडकी गेली एका चाकाला. आधी कुणी टायरमध्ये पंक्चरचं ते हिरवं लिक्विड भरलं असेल तर दुप्पट वेळ धरा, त्याचा तवंग सगळीकडे पसरलेला असतो. साफ झाल्यावर त्या जागेला उघडं बोट लावायचं नाही, ग्लोव्हज घाला.

खोललेलं चाक जोडताना माझी पहिली चूक ऐका. मला वाटलं इंजिनच्या गास्केटसारखं असेल, म्हणून फेस आणि बॅरलच्या मध्ये मस्त सिलिकॉन लावून बोल्ट आवळले. दिसायला झकास. महिन्याभरात तेच सिलिकॉन दबलं, बोल्टांचा ताण गेला, पाच-सहा तर हाताने फिरत होते. म्हणून लक्षात ठेवा, धातूला धातूच टेकला पाहिजे, मध्ये काही नाही, रंगाचा जाड थरसुद्धा नाही. बोल्टांना निळा थ्रेडलॉकर एकेक थेंब, आणि आवळायचं समोरासमोर, आधी सगळे हाताने, मग निम्म्या टॉर्कवर (म्हणजे आवळायच्या जोरावर), मग पूर्ण. टॉर्कचा आकडा चाकाच्या कंपनीचाच घ्या. हे बोल्ट एम-७ नाहीतर एम-८ असतात, व्हील नटला लावतो तसे १०० न्यूटन-मीटर लावायला गेलात तर डोकं तुटून हातात येईल.

सिलिकॉन घेताना ट्यूबवर न्यूट्रल क्युअर लिहिलंय का बघा. दुकानात जी स्वस्त ट्यूब पुढे करतात ती उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो, ती ॲसिड सोडत सुकते आणि ॲल्युमिनियमला ते चालत नाही. काही जण पॉलियुरेथेन सीलंट मारतात, ते पण छान धरतं, पण पुढच्या वेळी काढताना नाकी नऊ येतात.

मारायची पद्धत अशी. चाक आडवं ठेवा, जमलं तर गोल फिरेल अशा स्टुलावर, माझ्याकडे मातीकामाचं जुनं फिरकं होतं. लिप आणि बॅरल भेटतात त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडून मास्किंग टेप चिकटवा. नोझल तिरकं कापा, सहा-आठ मिलिमीटर. आधी थोडं सिलिकॉन ग्लोव्हजच्या बोटाने सांध्यात दाबून घ्या, रगडून, हवेची पोकळी राहायला नको, आणि लगेच त्यावर एक सलग जाड पट्टा फिरवा, मध्ये न थांबता. सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकाजवळ करू नका, आणि शेवट सुरुवातीवर दोन इंच चढवा. बोटाने एकदाच सपाट करा. लोक पुन्हा पुन्हा बोट फिरवत बसतात, पाच-दहा मिनिटांत वर साय धरते आणि मग प्रत्येक वेळी ती फाटते. साय धरायच्या आत टेप काढा. टायरची कड जिथे बसते तिथे सिलिकॉन गेलं असेल तर पुसून टाका, तिथे गाठ राहिली तर टायर नीट बसणार नाही आणि नवीनच गळती चालू.

मग थांबायचं. माझी दुसरी चूक हीच, पाच तासांनी हात लावला, कोरडं वाटलं, टायर चढवला, रात्रीत हवेने पट्ट्यात बोगदा पाडला. वरून कोरडं म्हणजे आतून कोरडं नाही, हे हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत सुकत जातं, चोवीस तासांत दोन-तीन मिलिमीटर. पावसाळ्यात आमच्याकडे भराभर होतं, मे महिन्यात कोरड्या हवेत जास्त वेळ घेतं. मी आता दोन पूर्ण दिवस सोडतो. उन्हात ठेवून, हेअर ड्रायर मारून काही होत नाही.

टायर चढवताना स्वतः हजर राहा. मशीनवाल्याला आधीच दाखवा की आत पट्टा आहे, नाहीतर टायर चढवायचं लोखंडी लीव्हर बरोबर त्यावरच टेकवतात. टायरच्या कडेला साबण भरपूर लावायला सांगा. कड बसत नाही म्हणून ४० पीएसआयच्या वर हवा मारायला लागला तर थांबवा, उतरवून परत साबण लावून चढवा, आणि भरताना चाकावर वाकून उभं राहू नका. व्हॉल्व्ह याच वेळी नवीन टाका, जुना रबरी वॉशर ठेवून हे सगळं करणं म्हणजे नवीन दाराला जुनी कडी. बॅलन्सिंग परत करावं लागेल, पट्ट्याचं वजन सगळीकडे सारखं नसतंच.

आणि ट्यूब टाकून मोकळं व्हा म्हणणारे भेटतील. कमी उंचीच्या ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब आतून घासते, तापते, आणि फुटली की हवा एका झटक्यात जाते. मी नाही टाकणार.

हवा भरल्यावर पुन्हा साबणपाणी, मग रात्रभर ठेवून सकाळी थंड टायरवर गेज, आणि पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड. माझी दोन्ही चाकं ३२ वर भरली होती, तीन आठवड्यांनी एक ३१ आणि एक साडेएकतीस.

उरलेल्या ट्यूबच्या नोझलमध्ये एक जाडसा स्क्रू घुसवून ठेवा, नाहीतर आठवड्यात दगड होते. माझी तेवढीही टिकली नाही, आईने बेसिनच्या कडेला मारून घेतली, आणि खरं सांगू का, तिचा पट्टा माझ्यापेक्षा सरळ आलाय.