छत खाली-वर दिसतंय? पुट्टी आणण्याआधी मोजा

स्लॅब झुकलाय की नुसतं प्लास्टर सुटलंय, हे कळल्याशिवाय पुट्टीला हात लावू नका.

पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. नळीच्या दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला थांबतं, ती पातळी धरून भिंतींवर पाचेक फुटांवर खुणा करा. समोरासमोरच्या खुणांना दोरी ताणा, झोळ नको. दोरीपासून छतापर्यंत कडेला आणि मधोमध मोजा. खोलीची अरुंद बाजू १२ फूट असेल आणि मधला भाग १५ मिमीहून जास्त खाली असेल, तर अभियंत्याला दाखवा; काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६ ची मर्यादा गाळ्याच्या, म्हणजे इथे अरुंद बाजूच्या, २५० व्या भागाची आहे. कधी कधी ओतकामाच्या दिवशीच सेंट्रिंगची बल्ली (ओल्या स्लॅबखालचा लाकडी टेकू) खाली बसलेली असते, मग स्लॅब पक्का असूनही पोट दिसतं. खुणा पुसू नका, पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. आकडा वाढला तर धोका खरा. स्लॅबवर जुन्या कवेलूंची रास असेल तर ती आधी उतरवा. वजन तर आहेच, शिवाय पन्हाळ तुंबून पाणी मुरतं.

मग हातोडीच्या दांड्याने ठोका, पण बाजूला उभं राहून. पोकळ आवाज येईल तिथे खडूने घेरा. तांबूस डाग सरळ रेघेत असतील तर आत सळई गंजली आहे. गंज फुगतो आणि खालचं काँक्रीट ढकलतो. सळई बारीक झालेली दिसली तर टेकू लावा, प्लास्टरचा विचार सोडा.

फक्त प्लास्टरच सुटलं असेल तर वरची गळती बंद करून पोकळ भाग पूर्ण काढा. काँक्रीट गुळगुळीत असेल तर टाचे मारा, म्हणजे छिन्नीने खाचा पाडा. प्लास्टर सुटण्याचं नेहमीचं कारण गुळगुळीतपणाच. धूळ झटका, पृष्ठभाग ओला करा, लॅटेक्स (पकड वाढवणारं पातळ द्रव्य) मिसळलेली सिमेंटची रबडी फासा आणि ती ओली असतानाच एक घमेलं सिमेंटला तीन घमेली चाळलेली रेती धरून ६ मिमीचा थर द्या. खड्डा खोल असेल तर दोन थरांत भरा, एकदम जाड थापलेलं प्लास्टर स्वतःच्या वजनाने सुटतं.

एप्रिल-मेमध्ये हे काम टाळाच. करायचंच तर भल्या पहाटे. सात दिवस पाणी मारा. फवारणी पंप चालतो, पण कपाशीच्या औषधाचा नको. घरात ते विष उडवायचं नाही. पुट्टी प्लास्टर पूर्ण वाळल्यावर, दोन पातळ हातांत, एकूण दीड-दोन मिमी.