कच्च्या ध्वनीचा पहिला ब्लॅक मेटल अल्बम: ध्वनिमुद्रणापूर्वीची तयारी

ब्लॅक मेटल, म्हणजे हेवी मेटलच्या वेगवान आणि गडद शाखेत, जुन्या वळणाचा, कच्च्या ध्वनीचा पहिला अल्बम करू पाहणाऱ्या बँडने स्टुडिओचे भाडे विचारण्याआधी आपल्याला कोणत्या जातीचा कच्चेपणा हवा आहे, हे ठरवून कागदावर लिहून ठेवावे. नॉर्वेच्या मेहेम या बँडचा १९९४ साली आलेला पहिला पूर्ण अल्बम बर्गनच्या ग्रीगहालेन या संगीत सभागृहात, आयरिक हुंडविन यांच्या हाताखाली मुद्रित झाला आणि त्यातल्या ड्रम्सना मोठ्या दालनाचा घुमारा आहे. त्याच वर्षी आलेला डार्कथ्रोन या नॉर्वेच्याच बँडचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ घरच्या चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे मुद्रित करणाऱ्या, यंत्रावर झाला. तिथे गिटारची सलग घरघर सगळे व्यापून राहते. श्रोते दोन्हींना एकाच पंगतीत बसवतात, पण त्यांची तयारी अगदी वेगळी असते. पुढची यादी दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांसाठी आहे, कारण बहुतेकांच्या खिशाला तीच परवडते.

सर्वांत आधी वादन पक्के करावे. चार ट्रॅकच्या कॅसेटवर चुकलेला ठोका संगणकावरच्यासारखा उचलून जागेवर बसवता येत नाही, म्हणून प्रत्येक गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाजेल इतकी तालीम हवी. ड्रमरला ब्लास्ट बीट, म्हणजे अतिवेगवान सलग ठोके, जेवढा वेळ खरोखर टिकवता येतो, तेवढाच रचनेत ठेवावा. दमलेल्या हाताचा स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, मुद्रणात लपत नाही. दोन गिटार असतील तर ट्रेमोलो पिकिंगची, म्हणजे एकच सूर झपाट्याने पुन्हा पुन्हा छेडण्याची, गती दोघांनी एकत्र बसून जुळवून घ्यावी. ढिसाळ वाजवून त्याला ‘रॉ’ (कच्चे) म्हणणारे बँड पुष्कळ आहेत. त्यांचे अल्बम कोणी दुसऱ्यांदा ऐकत नाही.

यंत्राच्या बाबतीत घाई करू नये. जुना पोर्टास्टुडिओ, म्हणजे कॅसेटवर चालणारे चार ट्रॅकचे यंत्र, परदेशातून मागवत असल्यास तो किती व्होल्टवर चालतो हे आधी पाहावे, कारण जपानमध्ये १०० आणि अमेरिकेत १२० व्होल्टचा वीजपुरवठा असतो, तर आपल्याकडे २३०चा; गरज असेल तर ट्रान्सफॉर्मर सोबतच घ्यावा. कॅसेट टाइप टू, म्हणजे क्रोम प्रकारची घ्यावी. या यंत्रात चारही ट्रॅक एकाच दिशेने मुद्रित होत असल्यामुळे कॅसेटची दुसरी बाजू वापरता येत नाही, आणि दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ९.५ सेंटिमीटर टेप ओढणारे मॉडेल असेल तर साठ मिनिटांच्या कॅसेटवर फक्त पंधरा मिनिटे मावतात. त्या हिशेबाने कॅसेटी आणाव्यात. मुद्रणाच्या दिवशी सकाळी हेड (टेपला टेकणारा मुद्रणाचा भाग) आणि पिंच रोलर (टेप ओढणारे रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावेत. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात काम असेल तर टेपला बुरशी धरते, म्हणून कॅसेटी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात.

कोणता आवाज कोणत्या ट्रॅकवर जाणार, याचा तक्ता आधीच करावा. ड्रम्स, बेस आणि पहिली गिटार पहिल्या तीन ट्रॅकवर घेऊन चौथ्यावर एकत्र उतरवली की तीन जागा मोकळ्या होतात. मात्र अशा प्रत्येक उतरवणीत टेपची सळसळ वाढते, वरच्या पट्टीतली धार जाते, आणि एकदा मिसळलेला तोल परत सुटा करता येत नाही. म्हणून बेस आपल्याला हवासा वाटतो त्याहून थोडा वरच ठेवावा. ड्रम्सना एकच मायक्रोफोन असेल तर झांजा बाकी सगळे गिळतात. ड्रमरला झांजांवर हलका आणि स्नेअरवर जड हात ठेवायला सांगून, मायक्रोफोन वीतभर इकडेतिकडे सरकवत दर वेळी मुद्रित करून ऐकावे. या कामाला अर्धा दिवस गेला तरी तो वाया जात नाही.

गिटारसाठी महागडा ॲम्प (ध्वनिवर्धक) लागत नाही. छोट्या प्रॅक्टिस ॲम्पमधून येणारा कोरडा, किरकिरा आवाज इथे बरोबर बसतो, फक्त डिस्टॉर्शनची (आवाज खरखरीत करणारी) कळ पूर्ण फिरवू नये, नाहीतर रिफमधले, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यातले, सूर एकमेकांत कालवले जातात. गायकाच्या आवाजाचे मुद्रण शेवटी ठेवावे आणि एका बैठकीत दोन-तीन गाण्यांपलीकडे जाऊ नये.

मुखपृष्ठाचा छापील नमुना हातात घेऊन पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. स्वीडनच्या बॅथरी या बँडच्या १९८४च्या पहिल्या अल्बमवरचा बोकड सोनेरी हवा होता, पण पहिल्या हजार प्रतींवर तो पिवळा छापला गेला. आज संग्राहक त्याच प्रतींमागे धावतात, तरी असल्या नशिबावर विसंबून छपाई करू नये. लेबलशी, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीशी, करार करण्यापूर्वी त्याची जुनी यादी तपासावी, कारण या संगीताच्या कडेला नवनाझी विचारांची लेबले आहेत आणि त्यांच्या शिक्क्यासह आलेला पहिला अल्बम नंतर निस्तरता येत नाही.

मिक्सिंग झाल्यावर सळसळ काढून टाकणारे सॉफ्टवेअर लावण्याचा मोह टाळावा; चोवीस बिटमध्ये एक स्वच्छ डिजिटल प्रत करून ती दोन ठिकाणी ठेवावी, आणि त्याच दिवशी चार ट्रॅकच्या मूळ कॅसेटींच्या वरच्या कडेची प्लास्टिकची खिट्टी मोडून टाकावी, म्हणजे पुढच्या तालमीत त्यांवर चुकून काही मुद्रित होणार नाही.