शिवारभर एकच लोकवन नको

गव्हाची पेरणी तोंडावर आली की कृषी केंद्रावर पहिला प्रश्न ठरलेला: “लोकवन आलाय का?” चपाती मऊ, बाजारात नाव. तक्रार एवढीच की हा वाण तांबेऱ्याला, म्हणजे पानाखोडावर गंजासारखे फोड आणणाऱ्या बुरशीच्या रोगाला, लवकर बळी पडतो, आणि बांधाला बांध लागून सगळ्यांनी तोच पेरला की रोगाला मोकळं रान मिळतं.

तांबेऱ्याची बुरशी हिरव्या गव्हावरच वाढते. काळ्या, म्हणजे खोडावरच्या तांबेऱ्याचे बीजाणू (बुरशीचे बियांसारखे बारीक कण) दक्षिणेतल्या निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून वाऱ्यावर येतात, नोव्हेंबरमधली चक्रीवादळं त्यांना उत्तरेकडे ढकलतात. पण बुरशीची जी जात एका वाणावर माजते ती दुसऱ्यावर चालेलच असं नाही; प्रतिकारक पानावर पडलेला बीजाणू वाया जातो. कल्याणसोना हा गव्हाचा वाण देशभर पसरला आणि काही वर्षांतच तांबेऱ्यापुढे हरला. शेवटी दिसायला सारखे पण वेगवेगळी प्रतिकारक जनुकं असलेले वंश एकत्र करून केएसएमएल ३ सारखे बहुवंशीय वाण काढावे लागले.

आपल्यापुरतं सोपं आहे. चार एकर गहू असेल तर दोन वाण घ्या आणि शेजारी काय पेरतोय ते आधी विचारा. बागायती वेळेवर, म्हणजे १ ते १५ नोव्हेंबर, त्र्यंबक, तपोवन किंवा एमएसीएस ६२२२; ऊस-सोयाबीनमुळे उशीर झाला तर १५ डिसेंबरच्या आत एनआयएडब्ल्यू ३४. फुले समाधान दोन्हीकडे चालतो. वेळेवर पेराल तर हेक्टरी १०० किलो बियाणं, उशिरा १२५ किलो.

एकाच वावरात दोन वाण मिसळायचे का? उंची आणि पक्वता जुळत असेल तर घरच्या खाण्यापुरतं जरूर करून बघा. विक्रीच्या मालात नको, व्यापारी दाणा हातावर घेतो आणि भाव पाडतो. चपातीच्या शरबतीत रवा-शेवयांचा बन्सी तर मुळीच मिसळू नका. मिश्रणातलं बियाणं पुढच्या वर्षाला धरू नका, प्रमाण बिघडतं.

युरिया जास्त ओतला की पीक लुसलुशीत होतं, मग कोणताही वाण घ्या, रोगाला आयतंच सापडतं. जानेवारीत दर आठवड्याला पीक फिरून बघा. पानावर बोट फिरवल्यावर नारिंगी भुकटी लागली तर तो पानावरचा तांबेरा; खोडावर लांबट, विटकरी, खरबरीत फोड दिसले तर काळा. लक्षणं दिसताच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला १ मिली घेऊन फवारा, आणि सुरुवात लोकवनच्या तुकड्यापासून करा.